आईने सांगितलेला चेहरा

"होडी परत आली नव्हती, आई."

लेक दारातच उभी होती. पायांतल्या चपलाही तिने काढल्या नव्हत्या, आणि ज्या घरात चपला कुठे काढायच्या, काठी कुठे टेकवायची, छत्री कुठे अडकवायची हे वर्षानुवर्षं ठरलेलं होतं, त्या घरात भर दुपारी चपला घालून उंबऱ्यावर उभं राहणं म्हणजे जवळजवळ बंडच होतं. आतून भाजी चिरण्याचा आवाज येत होता, फळीवर सुरी एका लयीत टकटकत होती... ती थांबली.

"कुठली होडी गं?" आईने विचारलं. पण एवढं विचारायला तिला एक श्वास जास्त लागला, आणि तो जास्तीचा श्वास लेकीने टिपला.

लेक जन्मतः आंधळी नव्हती. कळायला लागायच्या आत एक ताप आला आणि डोळे घेऊन गेला. मागे आठवण उरली ती कसल्याशा पिवळ्या रंगाची. तो दिव्याचा होता की आईच्या कपड्याचा, हे तिला कधीच ठरवता आलं नाही. वडील त्याआधीच गेलेले. उरल्या दोघी. आई चित्रपटगृहात दाराशी उभी राहायची, तिकिटाचा अर्धा तुकडा फाडून घ्यायची आणि हातातल्या बॅटरीच्या उजेडात लोकांना त्यांच्या खुर्च्या दाखवायची. पोरीला घरी एकटं ठेवायला तिचा जीव धजेना, म्हणून ती तिला सोबत न्यायची. शेवटच्या रांगेत भिंतीला लागून एक मोडकी खुर्ची होती, कुणालाच विकता न येणारी, ती लेकीची. लोक बसले, दारं लागली, की आई शेजारच्या पायरीवर टेकायची आणि लेकीच्या कानाशी लागून तिला पडदा सांगायची.

आणि काय ते सांगणं! बोललेलं तर लेकीला ऐकूच यायचं. आईचं राज्य सुरू व्हायचं ते पात्रं गप्प झाल्यावर. आता तो दाराशी आलाय... टोपी काढली... तिने पाठ फिरवलीय, पण ओठ दाताखाली धरलाय हं... पुढच्या रांगेतले लोक सुरुवातीला "शू" करायचे. पुढे पुढे औषधांच्या दुकानातला एक गृहस्थ मुद्दाम त्यांच्या पुढचीच खुर्ची मागून घेऊ लागला. तो म्हणायचा, पडद्यावर जेवढं घडत नाही तेवढं या बाई सांगतात. तो चेष्टेत केवढं खरं बोलून गेला होता, हे लेकीला आज कळलं होतं.

त्या सगळ्या चित्रपटांत दोघींचा लाडका एक होता. नदीवर होडी चालवणारी विधवा, तिची एका पायाने अधू मुलगी, आणि त्या मुलीवर जीव जडलेला पलीकडच्या काठावरचा एक रंगारी. आई मुलीला पाण्याजवळसुद्धा जाऊ देत नाही. पोरीचा पाय अधू, पोर बुडेल, जग तिला हसेल... शेवटी बासरी वाजते, मग नुसता वल्ह्यांचा आवाज, मग काहीच नाही. त्या "काहीच नाही"त आई दर वेळी भरल्या गळ्याने सांगायची, "होडी वळली गं... परत येतेय. पोरीने कुबडी टाकून दिली. आईच्या गळ्यात पडली." लेकही रडायची. तिला वाटायचं, आपण दोघी आनंदाने रडतोय.

आज रविवार. रुग्णालयात ती टेलिफोनच्या बोर्डवर बसायची. तिथल्या सुपरवायझर बाईंनी आग्रहाने तिला एका सभागृहात पाठवलं होतं. न दिसणाऱ्यांसाठी जुने चित्रपट दाखवायची म्हणे नवी सोय आली होती. कानाला यंत्र लावायचं, आणि दृश्यांचं वर्णन एक माणूस आधीच बोलून ठेवतो. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून ती घरी राहिली. लेक एकटीच गेली. तीच बासरी वाजली, तीच वल्ही वाजली, आणि मग त्या माणसाने कोरड्या, वर्तमानपत्र वाचल्यासारख्या आवाजात सांगितलं: होडी लहान होत जाते. मुलगी मागे पाहत नाही. काठावर आई एकटी बसली आहे.

"अगं, सिनेमाच तो," आई आता हसण्याचा प्रयत्न करत होती. तुला शेवट सोसायचे नाहीत, घरी येऊन अंगात ताप भरायचा, मग मी आपली होडी वळवायची, त्यात कुणाचं काय गेलं, असं काहीबाही ती बोलत राहिली, आणि बोलता बोलता सुरीखाली काही नसतानाच तिने पुन्हा चिरायला घेतलं.

पण लेक येताना बसमध्ये सगळे चित्रपट एकेक करून मनात पुन्हा ऐकत आली होती.

"नायक मेले, ते तू मला सांगितलंस," ती म्हणाली. "घरं जळाली, ते सांगितलंस. त्या एका सिनेमात लहान बाळ गेलं, तेही तू लपवलं नाहीस. तेव्हा नाही का मला ताप यायचा? तू शेवट बदलायचीस ते एकाच ठिकाणी, आई. लेक घर सोडून निघाली की तू तिला परत आणायचीस."

सुरी पुन्हा थांबली.

"मग त्याचा चेहरा?" लेकीचा आवाज एकदम लहान झाला. "त्या संध्याकाळी त्याच्या चेहऱ्यावर खरंच कीव होती का?"

तो टेलिफोनच्या लाइनी दुरुस्त करायला रुग्णालयात यायचा. बोर्डच्या मागे शिरून तारांशी झटापट करता करता त्याची बडबड चालू असायची. एकदा त्याने अख्ख्या मजल्याचे फोन चुकून धोबीखान्याला जोडले, आणि तासभर थोरामोठ्या डॉक्टरांना चादरींचे निरोप येत राहिले, तेव्हा लेक हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली होती. तिच्या आवाजावर तो लुब्ध होता. हा आवाज मी शंभर लाइनींतून ओळखेन, म्हणायचा. आणि एक दिवस, तिच्या हातात वायरचं टोक देता देता, त्याने अगदी साध्या आवाजात विचारलं होतं, की सगळ्या जगाला तुम्ही जोडून देता, तर माझं काय? त्या क्षणी तिच्या अंधाऱ्या आयुष्यात काय उमललं, ते कुठल्या शब्दांत सांगावं! जग आपल्याला सांभाळतं, दया करतं, रस्ता ओलांडून देतं, एवढंच तिला ठाऊक होतं; कुणाला आपण हव्या असू शकतो हे तिला नवीनच होतं.

तो घरी आला, आईला भेटायला. त्या घराचा नियम त्याला कुणी सांगितला नव्हता: इथे खुर्ची हलवायची नाही. आईला वारा लागावा म्हणून त्याने आपली खुर्ची बाजूला सरकवली. लेक चहाचे कप घेऊन आपल्या मोजल्या वाटेने आली, खुर्चीला अडखळली, आणि तबक कलंडलं. मग एक शांतता पडली... लांबलचक, जीवघेणी. त्यानंतर तो कसल्याशा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "कप दणकट आहेत हो काकू, वाचले." आणि थोड्याच वेळात निघून गेला.

दार लागल्यावर लेकीने विचारलं होतं, तो गप्प का झाला होता. चेहरे वाचणं हे आईचं काम. डॉक्टर हसले की नाही, शेजारीण खरंच रागावली की वरवर, हे सगळं लेक आईच्याच डोळ्यांनी पाहत आली होती. आणि आईने जड आवाजात सांगितलं होतं: कीव, बाळा. तुझ्याकडे अशी कीव करून बघत होता... लंगड्या कुत्र्याकडे बघतात ना, तसा.

संपलं. दुसऱ्या दिवशी तो बोर्डशी आला, तेव्हा मला कुणाची कीव नको, एवढंच ती म्हणाली. "कीव?" त्याने विचारलं. तो गोंधळलेला एक शब्द तिला चोरी पकडली गेलेल्या माणसाचा वाटला. त्यानंतर त्याचे फोन ती दुसरीकडे जोडून द्यायची. काही दिवसांनी त्याने बदली मागून घेतली. आणि लेक बोर्डवर बसून राहिली, वर्षानुवर्षं, इतरांची बोलणी जुळवत.

आता आई भिंतीला धरून खाली बसली. तिच्या गुडघ्यांचा आवाज आला, बांगडीचा आला.

"चहा जमिनीवर नव्हता सांडला," ती म्हणाली. "त्याच्या पायावर सांडला होता. उकळता. मी नुकताच ओतलेला. पाय उघडेच होते त्याचे... कातडी लाल झालेली मी बघितली. आणि त्याने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला गं. आवाज फुटू नये म्हणून. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि माझ्याकडे बघून मान हलवत होता, सांगू नका म्हणून. तुला कळू नये म्हणून."

लेकीला ती शांतता आठवली. एवढी वर्षं ती तिला कीव समजत आली होती.

"मग का, आई?"

"तसं फक्त मी करायची तुझ्यासाठी," आईचा स्वर फाटला. "दुसऱ्या कुणी कधी केलं नव्हतं. तो वाईट असता ना, तर खरं सांगूनच त्याला घालवला असता. पण तो चांगला होता. चांगल्या माणसाला घालवायला खोटंच बोलावं लागतं. मला वाटलं, हा हिला घेऊन जाणार. आणि मग मी कुणाला सांगू... मी कशासाठी उठू सकाळी?"

लेकीने चपला काढल्या नाहीत. तशीच आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर घरात जी अवकळा आली, तिचं वर्णन करायला आईसारखी बाईच हवी. लेक बोलायची, नाही असं नाही. पण बोर्डवर बोलावं तसं. हो. नाही. ठेवते. आई ताट वाढून समोर बसायची, भाजी डावीकडे, पोळी उजवीकडे असं पूर्वी सांगायची ते सांगायला तोंड उघडायची आणि मिटायची. एवढ्या प्रेमाने एवढा मोठा घात कसा करता येतो, आणि असा घात करणाऱ्या माणसाच्या हातचा घास घशाखाली कसा उतरतो, याचं उत्तर लेकीला सापडत नव्हतं. आणि घास तर उतरत होता.

पण काळजाच्या तळाशी एक आशा जागी झाली होती, वेडी, लाजरी, या वयाला न शोभणारी. तिने आडून आडून चौकशी केली. तो नोकरी सोडून शेजारच्या गावी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान चालवतो, एवढं कळलं. लग्नाचं कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही म्हणजे नसेलही झालं! तिने केस धुतले, चांगले कपडे काढून ठेवले, आणि आईला म्हणाली, "तू चल माझ्याबरोबर. जे दिसेल ते सांगायचं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही."

बसमध्ये लेक मनात एकच वाक्य घोळवत होती: मला चुकीचं सांगितलं होतं हो, मी तुम्हाला नकार दिलाच नव्हता. एवढं म्हणायचं. पुढचं काय ते त्याने म्हणावं.

दुकानासमोर रस्त्यापलीकडे बसथांब्याचा बाक होता. दोघी तिथे टेकल्या. ऊन पाठीवर होतं. कुठेतरी हातोडीने पत्रा ठोकत होते, सायकली जात होत्या. आईने हलक्या आवाजात सुरुवात केली.

"निळी पाटी आहे. रेडिओ, पंखे दुरुस्त करून मिळतील. तो आत बसलाय, उघडून ठेवलेल्या पंख्यावर वाकून. टक्कल पडलंय. चष्मा आहे. अंगाने भरलाय जरा..."

आणि आईचा श्वास अडला.

लेकीने तो ओळखला. चित्रपटगृहात बासरी संपली की हाच श्वास अडायचा. त्यानंतर होडी वळायची. तिला वाटलं, आता आई म्हणेल दुकान बंद करून निघाला, म्हणेल कुणी गिऱ्हाईक आलं. तिने बाकाची कड घट्ट धरली. आणि तिला हेही जाणवलं, आणि जाणवून लाज वाटली, की तिचंच मन आतून म्हणत होतं, आई, सांग काहीतरी, काहीही सांग...

"एक बाई आलीय आतून," आई म्हणाली. एकेक शब्द दगड उचलावा तसा उचलत होती. "डबा आणलाय. तिने हात पुढे केला, त्याने न बघताच घेतला."

"न बघता?"

"रोजचं असल्यासारखा." थोडं थांबून, "एक मुलगी आहे, शाळेच्या कपड्यांत. त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून पंखा बघतेय. तो तिला काहीतरी सांगतोय."

"हसतोय?"

"हसतोय, बाळा."

लेकीच्या गालांवरून आलेलं पाणी ओठांच्या कडेशी थांबलं. आईने ते पुसायला हात उचलला असावा, कारण बांगडी वाजली. पण हात पोचला नाही, मध्येच परत गेला.

"उठला," आई एकदम कुजबुजली. "दोन ग्लास भरतोय. इकडे बघतोय... इकडेच येतोय गं."

तो ओळखेल का? तेव्हाची लांब वेणी आजारपणात गेली होती, डोळ्यांवर काळा चष्मा आला होता, अंग सुटलं होतं. आईचे तर दात गेले, पाठ वाकली. आणि आईला त्याने पाहिलं होतं ते एकाच संध्याकाळी. पण आवाज? रुग्णालयात सगळे म्हणायचे, बाईंचा आवाज एका दिवसानेही म्हातारा झाला नाही. एक शब्द पुरे होता. तिच्या ओठांवर तर अख्खं वाक्य तयार होतं.

"आजी, आज बसला उशीर आहे," तो म्हणाला. तोच आवाज, कडेने थोडा झिजलेला. "उन्हात बसलाय, पाणी घ्या. ताई, तुम्हीही घ्या."

थंड ग्लास आधी तिच्या बोटांना बाहेरून हलकेच टेकला, आणि मग हातात आला. न दिसणाऱ्या माणसाला वस्तू कशी द्यावी, हे ठाऊक असलेल्या हाताने.

ती प्यायली. त्या एका ग्लासभर पाण्याच्या अवधीत तिच्या मनात काय काय झालं! बोलावं, आणि याला कळावं की आपल्याला कुणी नाकारलंच नव्हतं. मग? हे कळणं तो घरी घेऊन जाईल. रोज डबा उघडताना ते त्याच्या समोर बसेल. न बघता पुढे होणारा त्याचा हात त्या दिवसापासून बघून पुढे होईल. नको. याला नको कळायला... आणि हे "नको" मनात उमटताच ती दचकली. दुसऱ्याचं सुख राखायला त्याच्यापासून खरं लपवायचं, हे करताना मनाला केवढं पवित्र वाटतं! आईलाही त्या संध्याकाळी असंच वाटलं असेल का? आईने लपवलं ते स्वतःसाठी, हे खरं. पण फक्त स्वतःसाठी होतं, असं आता लेकीला म्हणवेना.

"बाबा रे," शेजारून आई अचानक रडवेल्या आवाजात म्हणाली, "मला तुला एक सांगायचंय..."

लेकीने तिचं मनगट पकडलं. घट्ट. त्या म्हातारपणाने हलक्या झालेल्या मनगटातली नाडी तिच्या बोटांखाली धडधडत होती. मन मोकळं करायचा आईचा हक्क तिने त्या पकडीने काढून घेतला, आणि आईने तो मुकाट्याने जाऊ दिला.

"काय म्हणालात, आजी?"

"काही नाही. पाणी छान गार आहे म्हणत होते."

तो थांबला. जरा जास्तच वेळ थांबला, असं लेकीला वाटलं. ताईंना आणखी हवंय का, त्याने विचारलं. तिने मानेनेच नाही म्हटलं. मग पलीकडून "बाबा, फोन" अशी हाक आली. ग्लास राहू द्या, नंतर नेतो, म्हणून तो गेला. चप्पल सरळ, एका लयीत वाजत गेली.

बस येताना लांबूनच कळत होती. "ग्लास द्यायला हवेत," आई म्हणाली, आणि उठली. लेक बाकावर एकटी राहिली. रस्त्यापलीकडे आईचे पाय पोचल्याचं तिला ऐकू आलं. त्याचा आवाज आला, आईचा आला, शब्द कुणाचेच नाहीत. तिकडे आता काहीही बोललं जाऊ शकत होतं. मनगट धरायला ती तिथे नव्हती.

आई धापा टाकत परत आली.

"काय बोललीस?"

"काही नाही. ग्लास दिले. तो म्हणाला, ताईंना जपून न्या."

"आणि चेहरा? ओळखलं का त्याने?"

बस जवळ येत होती. आईने उत्तर द्यायला इतका वेळ लावला, की लेकीला वाटलं आता पुन्हा होडी वळणार. नाही ओळखलं म्हणून ती लेकीला मोकळं करू शकली असती; ओळखलं, डोळे भरून आले त्याचे, असं म्हणून लेकीला जन्मभराची शिदोरी देऊ शकली असती. दोन्ही तिला छान सांगता आलं असतं.

"नाही कळलं गं," आई म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. "चेहरा असा समोर होता, आणि मला नाही वाचता आला. खरंच नाही सांगता येत मला."

बस येऊन थांबली. दार उघडल्याचा आवाज झाला. लेकीने काठी दुमडून पिशवीत टाकली, हात पुढे करून आईचा खांदा शोधला आणि त्यावर टेकवला.

"पायरी उंच आहे?" तिने विचारलं.

"उंच आहे."

आणि लेकीने पाय उंच उचलला.